उलट्या हाताचे काका

हे गृहस्थ घरात आले की यजमानाकडे बघत नाहीत, स्विचबोर्डाकडे बघतात. चपला काढून होतात न होतात तोच उजवा हात पुढे येतो आणि लेकराचा ताप बघावा तसा उलटा होऊन बोर्डावर टेकतो. तीन-चार सेकंद तिथेच राहतो. मग नाकातून एक 'हं' निघतो. हा 'हं' दोन जातींचा असतो. आखूड 'हं' म्हणजे बोर्ड थंड आहे, चहा टाकायला हरकत नाही. लांब आणि शेवटाला किंचित वर चढणारा 'हं' आला की चहा विसरायचा आणि स्टूल शोधायचं. साखरपुड्याला गेले तर व्याह्यांच्या हातात हात देण्याआधी हॉलच्या बोर्डाला हात लावून येतात. तेराव्याला गेले तर फोटोला हार घालतात, हात जोडतात आणि परत फिरताना फोटोवरच्या झिरोच्या बल्बचा प्लग चाचपतात. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. गणपतीच्या आरतीत यांची वाजत नाही ती याच कारणाने, दुसरा हात मखरामागच्या एक्स्टेन्शन बोर्डावर असतो. मुलासाठी मुलगी बघायला गेले, कांदेपोहे झाले, घरी आल्यावर बायकोने विचारलं, कशी वाटली? उत्तर आलं, 'माणसं चांगली आहेत, पण न्यूट्रल लूज आहे.' खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत अशी आपल्याकडची शिकवण. वासे हे गृहस्थ मोजत नाहीत, वायरी मोजतात.

यांची ओळख करून द्यायला नको. पन्नाशी गाठलेल्या प्रत्येक सोसायटीत असा एक नमुना असतोच. कुणी वीज मंडळातून निवृत्त, कुणी रेल्वेच्या वर्कशॉपमधून, कुणी खडकीच्या फॅक्टरीतून. एखादा तर जन्मभर बँकेत खतावण्या जुळवलेला असतो आणि जुळवायची खोड न गेल्यामुळे वायरिंगकडे वळलेला असतो. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणतात. जिन्यात काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. खिशाला पेनाशेजारी टेस्टर असतो आणि त्या टेस्टरवर त्यांचा काडीचा विश्वास नसतो. टेस्टर पेटला नाही म्हणून वायरीला हात घालणारा माणूस फार दिवस जगत नाही, हे ते त्याच टेस्टरने कान कोरत सांगतात. पण हे सगळं चालवून घेता येतं. काका खरोखर असह्य होतात ते कुणी फ्यूजबॉक्स बदलायला काढला की. दाराच्या वर लाकडी फळीवर चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज, त्यांच्या बाजूला कडीचा लोखंडी मेन स्विच, सगळ्यावर चाळीस दिवाळ्यांच्या रंगाचे ओघळ. नवीन सून आली, पीओपी झालं, आणि आता त्या जागी काचेच्या दाराचा, शुभ्र, एमसीबींची रांग असलेला बॉक्स हवा. इलेक्ट्रिशियन अकराला येणार, चारला काम उरकून जाणार. आणि साडेदहाला काका दारात. 'बदला, अवश्य बदला. पण आधी वायरिंग बघितलंत का?' या एका वाक्याने किती बॉक्स खोक्यातच राहिले आणि किती सुना माहेरी फोन करत्या झाल्या, याची गणती कुणी केलेली नाही.

तरीही माझं म्हणणं असं आहे की या एका बाबतीत काका बरोबर आहेत, आणि नुसते बरोबर नाहीत तर हिशेबाने बरोबर आहेत. फ्यूजबॉक्स घराच्या रक्षणासाठी असतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो राखतो वायरीला. वायरीतून किती करंट गेला की ती धोक्याइतकी तापेल हे एकदा कळलं की त्याच्या अलीकडे तुटणारी कडी म्हणजे फ्यूज. मग ती कडी वितळणारी तार असो की १९२४ साली जर्मनीत ह्यूगो स्टोट्झ यांनी आणलेली, आपोआप खाली पडणारी एमसीबी. तेव्हा कोणत्या आकड्याची एमसीबी लावायची हे वायरीने ठरवायचं असतं. बॉक्सच्या दुकानात किंवा पीओपीच्या रंगावर ते ठरत नाही. समजा, भिंतीतल्या पाइपात एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे आणि ती बारा अँपिअरपर्यंत बिनतक्रार चालते. नव्या बॉक्सात तिच्यावर ३२ ची एमसीबी बसली. का, तर १६ ची बसवली असती तर गीझर आणि इंडक्शन एकदम लावल्यावर पडली असती, आणि इलेक्ट्रिशियनला दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला असता. आता एमसीबीच्या मानकात लिहिलं आहे की स्वतःच्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तिने तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलंच पाहिजे. ३२ ची १.१३ पट म्हणजे ३६. म्हणजे बारा अँपिअरच्या वायरीतून छत्तीस अँपिअर तासभर वाहू शकतात आणि एमसीबी जागची हलणार नाही. न हलणं हे तिचं कर्तव्य आहे, तिच्यात दोष काहीच नाही. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे जूलने १८४१ साली सांगून ठेवलंय. करंट तिप्पट, उष्णता नऊपट. वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण साधारण सत्तर अंशांपर्यंत टिकावं असं बनवलेलं असतं. पुढचं गणित काका स्टुलावर उभे राहून करतात, आणि खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकावंच लागतं.

बरं, ती वायर खरोखर एक चौरस मिलिमीटरची आहे की नाही हे बोर्ड उघडल्याशिवाय कळत नाही, आणि काकांचा सगळा जीव तिथे अडकलेला असतो. जुन्या घराचा बोर्ड म्हणजे एका काळाचं एक वायरिंग असं कधीच नसतं. हॉलच्या वरच्या अंगाला सागवानी बॅटनपट्टी, तिच्यावर पितळी क्लिपांत दाबलेली जाड वायर. आतल्या खोलीत त्याहून जुनी, कापडाच्या विणीत गुंडाळलेली रबराची वायर, जिला वाकवलं की रबराचा चुरा तळहातावर पडतो आणि आतलं तांबं काळंनिळं दिसतं. स्वयंपाकघरात तांबं महाग असण्याच्या दिवसांतलं अॅल्युमिनिअम, जे स्क्रूखाली दाबलं की वर्षानुवर्षं दबतच राहतं आणि सैल होतं. त्यावर पीव्हीसीची दीडची वायर, तिला पीळ मारून जोडलेली अडीचची, आणि शेवटी एसी बसवणाऱ्या पोराने खिडकीतून आत घेतलेली एक वायर, जी कुठल्या फ्यूजवर आहे हे त्या पोरालाही आठवणार नाही. या सांध्यांवर काळी टेप असते. टेपचा डिंक केव्हाच वाळलेला, बोट लावलं की ती सापाच्या कातीसारखी उलगडते. काका तिथे उलटा हात नेतात, लावत मात्र नाहीत. तिथून पुढे मेन बंद करून बघायचं असतं, हे त्यांना कळतं.

आणि मग अर्थिंग. हा काकांचा खरा मोक्याचा विषय, त्यासाठी ते लग्नाचा मुहूर्तसुद्धा टळू देतील. तीन भोकांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं मानणारा माणूस त्यांच्या लेखी निरक्षर. अनेक जुन्या घरांत ते वरचं मोठं भोक निव्वळ शोभेचं असतं, मागे काहीच जोडलेलं नसतं. काही ठिकाणी त्यात न्यूट्रलचाच एक तुकडा घातलेला असतो. टेस्टरला, मीटरला, पाहुण्यांना, सगळ्यांना ते अर्थिंग वाटतं. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटतो त्या दिवशी फ्रिजचं अख्खं शरीर फेजवर येतं आणि फ्रिजचं दार उघडणाऱ्याला ते कळतं. त्याहून मजेचा प्रकार नळाचा. एके काळी अर्थची तार न्हाणीघरातल्या लोखंडी पाइपाला बांधायची पद्धत होती. पाइप जमिनीत जायचा, काम भागायचं. मग पाइप गंजले आणि प्लंबरने सगळी लाइन प्लॅस्टिकची केली. तार मात्र प्रामाणिकपणे होती तिथेच राहिली. आज कित्येक घरांचं अर्थिंग पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टिकच्या पाइपाला गच्च बांधलेलं आहे. प्लंबरने वायर बघितली नाही, वायरमनने पाइप बघितला नाही. दोघांचंही काम आपापल्या परीने चोख. दोन्ही एकदम बघणारा जगात एकच माणूस असतो आणि त्याला बघून आपण दाराची साखळी लावतो.

जुन्या फळीवर किटकॅट जोडीने असतात, याकडेही एरवी कुणाचं लक्ष जात नाही. एक फेजवर, दुसरा न्यूट्रलवर. त्या काळी दोन्हीकडून राखण म्हणजे दुप्पट राखण असं वाटलं असावं. पण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. लाइट गेली असं समजून माणूस होल्डरमध्ये बोट घालतो. नव्या बॉक्सात न्यूट्रल अखंड ठेवायचा असतो, म्हणजे फळीवरच्या प्रत्येक जोडीतला कोणता कोणाचा न्यूट्रल आणि कोणता कोणाचा फेज हे आधी शोधून काढणं आलं. हॉलचा पंखा स्वयंपाकघराच्या फ्यूजवर असतो आणि जिन्यातल्या दिव्याचा न्यूट्रल एखाद्या उदार घरमालकाने कधीतरी आपल्या घरातून दिलेला असतो. हा शोध घेता घेता दुपारचे दोन वाजतात. इलेक्ट्रिशियन घड्याळाकडे बघतो. घरातली मंडळी काकांकडे बघतात. काका बोर्डाकडे बघतात.

हे न बघता बॉक्स बदलला तर काय होतं, याचं उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही. नव्या बॉक्सात एमसीबींच्या आधी आरसीसीबी बसते. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघत असते. घरासाठीची आरसीसीबी बहुतेक ३० मिलिअँपिअरची असते. म्हणजे ६ अँपिअरच्या लहानशा एमसीबीला जेवढा करंट चालतो त्याच्या दोनशेव्या भागाची चोरी झाली तरी ही खटकन पडते. माणसाच्या अंगातून करंट जातो तेव्हा तो असाच, एमसीबीच्या खिजगणतीत नसलेला असतो, म्हणून माणसाला वाचवणारी ती हीच. आता या तिखट चीजेला जुन्या वायरिंगवर बसवा. उन्हाळ्यात चालते. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, पश्चिमेची भिंत ओल धरते, चुरा झालेल्या रबरातून थोडा थोडा करंट भिंतीत झिरपतो आणि आरसीसीबी पडते. सॉकेटमध्ये न्यूट्रल अर्थला बांधलेला असला तर पावसाचीही वाट बघत नाही. रात्री अकराला पडते, पहाटे तीनला पडते, पाहुणे जेवायला बसले की हटकून पडते. घरचे म्हणतात, बॉक्स खराब निघाला. इलेक्ट्रिशियन येतो, शिडीवर चढतो आणि पाच मिनिटांत उतरतो. 'डायरेक्ट करून दिलंय, आता काही त्रास नाही.' खरोखरच त्रास होत नाही. आरसीसीबी बॉक्सात दिमाखात बसलेली असते, तिचं 'टेस्ट' लिहिलेलं बटण चमकत असतं, आणि करंट तिला वळसा घालून शेजारून निघून जातो. जुन्या फळीवर निदान दिसायचं तरी की इथे राखण कमीच आहे. आता काचेच्या दाराआड राखणदाराचा पुतळा आहे. काकांच्या मते हा गुन्हा आहे आणि ते तसं पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलून दाखवतात. आवाज सोडला तर बाकी मला पटतं.

यावर लोक जे म्हणतात तेही ऐकलं पाहिजे. पहिलं आणि सगळ्यात लाडकं म्हणणं असं की चाळीस वर्षं काही झालं नाही. हा पुरावा वरवर भक्कम वाटतो. पण चाळीस वर्षांपूर्वी त्या वायरीवर होतं काय? दोन-तीन बल्ब, एक ट्यूब, एक पंखा, रेडिओ आणि रविवारी इस्त्री. साडेसातशे वॉटची इस्त्री सव्वातीन अँपिअर घ्यायची. आज एकटा तीन किलोवॉटचा गीझर तेरा अँपिअर घेतो, इंडक्शनची शेगडी जवळजवळ नऊ, एसी सात-आठ. जी वायर परीक्षेला बसलीच नाही ती चाळीस वर्षं पास होत आली, असं म्हणण्यासारखं हे आहे. शिवाय काही झालं नाही हेही खरं नाही. फ्यूज उडत होते. पाच अँपिअरची फ्यूजची तार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची, ती सारखी उडते म्हणून कुणीतरी पंधराची घातली, ती ०.५ ची, आणि तीही उडाली तेव्हा लवचिक वायरीतले दोन-चार धागे पिळून घातले. मग उडणं थांबलं. तेव्हापासून जे काही झालं नाही ते नशिबाने झालं नाही, आणि नशीब किती अँपिअरचं आहे हे कुठल्याही मानकात लिहिलेलं नाही.

दुसरं म्हणणं जरा शहाण्या माणसांचं असतं. ते म्हणतात, वायरिंगमध्ये काही चूक असेल तर नवा बॉक्सच ती पकडेल, मग आधी तपासायचं कशाला? पकडेल, पण त्याच्या नजरेत येईल तेवढीच. एमसीबीला जादा करंट आणि शॉर्ट कळतो, आरसीसीबीला गळती कळते. सैल सांधा या दोघींनाही कळत नाही. वायरीच्या मधोमध पीळ सैल झाला तर करंट वाढत नाही, गळतही नाही, तो फक्त त्या सांध्यापाशी अडखळतो आणि तिथे उष्णता होते. नेहमीचाच बारा अँपिअरचा करंट, नेहमीचाच गीझर, सगळे आकडे कायदेशीर, आणि भिंतीतला सांधा तापत तापत आपलं आवरण करपवतो. आवरणाचं तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं, असा विजेच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे. हे ओळखायला उपकरण नाही का, तर आहे, तापमान रंगात दाखवणारे कॅमेरे मिळतात. पण ते सोसायटीत कुणाकडे नसतात. सोसायटीत उलटा हात असतो. लेखाच्या आरंभी ज्याची टिंगल केली तो हात या धंद्यातलं एक रास्त उपकरण आहे, हे कबूल करायला मला फार आनंद होत नाही. उलटा का, यालाही कारण आहे. विजेचा झटका बसला की हाताचे स्नायू आवळतात. तळवा टेकवला असेल तर मूठ बोर्डाला घट्ट पकडते आणि सुटत नाही. मागची बाजू टेकवली असेल तर तोच आवळणारा हात बोर्डापासून मागे खेचला जातो. साखरपुड्यात हे कुणाला सुचत नाही.

तिसरं म्हणणं पैशाचं, आणि त्यात दम आहे. वायरिंग तपासायचं म्हणजे भिंती फोडायच्या, घर रंगवायचं, महिनाभर धूळ खायची, ही भीती खोटी नाही. पण ती भीती बऱ्याच अंशी काकांनीच निर्माण केलेली आहे. तपासणं आणि बदलणं यांतला फरक त्यांना स्वतःला माहीत असतो, पण तो सांगायला ते विसरतात. तपासायला फोडावं काहीच लागत नाही. मेन बंद करायचा, बल्ब काढायचे, टीव्ही-फ्रिज-राउटरचे प्लग उपटायचे आणि मेगर लावायचा. मेगर पाचशे व्होल्टचा दाब देऊन फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला आवरणाचा रोध सांगतो. जुन्या मानकातला साधा हिशेब असा की पन्नासला पॉइंटांच्या संख्येने भागायचं, येईल तेवढे मेगओहम निदान असावेत, आणि सबंध घराला एक मेगओहम असला तरी चालतं. वीस पॉइंटांचं घर असेल आणि काटा दहा-वीस मेगओहमवर गेला तर वायरिंग आनंदात आहे, बॉक्स बसवा, पेढे वाटा. शून्याकडे झुकला तर एकेक सर्किट वेगळं करून बघायचं, आणि बहुतेक वेळा रोग एक-दोन सर्किटांतच सापडतो, न्हाणीघराच्या नाहीतर स्वयंपाकघराच्या. तेवढीच वायर ओढायची, पाइप धड असेल तर त्याच पाइपातून, गीझर-एसीला चारची स्वतंत्र. हे अर्ध्या दिवसाचं काम. पण काकांचा काटा शून्याकडे झुकला की त्यांचं बोलणं अर्ध्या दिवसात थांबत नाही. ते वायरिंगवरून स्लॅबवर, स्लॅबवरून बिल्डरवर आणि बिल्डरवरून सबंध १९७० च्या दशकावर जातात. रोग सांगताना वैद्याने रोग्याच्या खापरपणज्यांची हजामत करू नये एवढा पोच त्यांना असता, तर निम्मं शहर आज सुरक्षित झालं असतं.

इलेक्ट्रिशियनची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून चार शब्द. आयटीआयमधून दोन वर्षांचा वायरमनचा कोर्स करून आलेल्या मुलाला मेगर ठाऊक नसतो असं नाही. त्याला हेही ठाऊक असतं की मेगर लावायचे पैसे कुणी देत नाही. मजुरी पॉइंटावर असते, बॉक्सवर असते. तपासणी दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचं बिल आपल्याकडे फक्त ज्योतिषाला मिळतं. त्याने खरं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावतं, आणि तो दुसरा चार वाजता काम उरकून जातो. म्हणून तो गप्प बसतो आणि काका त्याच्या वाटणीचंही बोलून घेतात. कधी कधी दोघांची नजरानजर होते आणि त्या नजरेत थोडी कृतज्ञता असते असं मानायला जागा आहे.

आता जरा सरकारकडे वळू, कारण या व्यक्तिचित्रातला खरा विनोद तिथे आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४६ व्या क्रमांकाचा एक नियम होता. वीजपुरवठा चालू असलेल्या प्रत्येक मांडणीची जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासणी आणि चाचणी व्हायला हवी, विद्युत निरीक्षकाकडून नाहीतर वीज पुरवणाऱ्याकडून. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नवे विनियम आले, त्यांतही पाच वर्षांची ही तपासणी राहिली. एकट्या महावितरणचे ग्राहक अडीच कोटींच्या वर आहेत. तेव्हा नियमाचं बोट धरून विचारायचं तर आपल्या घरचं वायरिंग तपासायला शेवटचं कोण आणि कधी आलं होतं? मीटर वाचायला येतात, बिल टाकायला येतात, थकलं तर तोडायलाही येतात. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, आणि वायरिंगची सरकारदरबारी झालेली तपासणी बहुधा ती पहिली आणि तीच शेवटची. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटची सक्ती आहे, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांनी, त्याहून जुनीला तीन वर्षांनी. ते ऑडिट खांब बघतं, तुळया बघतं, गच्चीची गळती बघतं. खांबाच्या पोटातून गेलेल्या पाइपात काय चाललंय हे त्याचं काम नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा वर्षानुवर्षं दहा हजारांच्या वर असतो, आणि त्यांतले घरातले किती, शेतातले किती असा वाद घालायला भरपूर जागा आहे. पण पाच वर्षांनी एकदा कुणीतरी येऊन बघायला हवं हा नियम ज्या कुणी लिहिला, त्याच्या डोळ्यांपुढे जो माणूस होता तो सरकारी गणवेशात कधी आलाच नाही. तो बिनगणवेशाचा, बिनपगारी, पायजम्यात आला, पाच वर्षांनी न येता दर सत्यनारायणाला आला, आणि आपण त्याला लोचट म्हटलं.

काकांवर माया करणं सोपं नाही. ते बरोबर असतात तेव्हा जास्तच त्रास देतात. पण त्यांच्या कर्तबगारीचा एक गुण असा आहे की ती यशस्वी झाली की दिसेनाशी होते. रंगाचा खर्च वार्षिक अहवालात येतो, लिफ्टच्या आरशाच्या देणगीदाराचं नाव आरशावरच येतं. न लागलेल्या आगीला अहवालात सदर नसतं. ज्या तिसऱ्या मजल्यावर काकांच्या हट्टामुळे स्वयंपाकघराची वायर बदलली, तिथे पुढे पंधरा वर्षं काहीच घडलं नाही, आणि या काहीच न घडण्याचा दाखला देऊन तिथलीच मंडळी म्हणतात, बघा, काका उगाच घाबरवत होते.

हल्ली सोसायट्यांच्या सभांत नवा विषय आलाय. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट हवेत. मागणी रास्त आहे. घरगुती सॉकेटवर चालणारा चार्जर सव्वातीन किलोवॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे चौदा अँपिअर, आणि तोही गीझरसारखा वीस मिनिटं नव्हे, रात्रभर, रोज, सगळे झोपलेले असताना. सैल सांध्याला याहून अनुकूल परिस्थिती दुसरी नाही. ठराव पाच मिनिटांत एकमताने होतो, टाळ्या पडतात, कामासाठी उपसमिती नेमली जाते. खर्च वाचवायला वायर जिन्याच्या दिव्यांच्या जुन्या बोर्डावरून घ्यायची असं तिच्या पहिल्याच बैठकीत ठरतं. उपसमितीत पाच जण असतात. काकांचं नाव कुणीतरी सुचवलेलं असतं, पण ते फाटे फार फोडतात म्हणून वगळलेलं असतं.